गिनीपिगला हवं टेबल लँड!

९ मार्च १९६१. सोव्हिएत रशियाचं एक यान अंतराळात झेपावलं. आत कोण कोण होतं? चेर्नुश्का नावाची कुत्री, थोडे उंदीर, माणसाचा एक पुतळा आणि एक गिनीपिग! पृथ्वीला एक फेरी मारून सगळी वरात सुखरूप खाली. युरी गागारिनच्या महिनाभर आधी एक गिनीपिग अंतराळ बघून आला होता, माहीत आहे का?

यानात जागा इवलीशीच. पण तो प्रवास दोन तासांच्या आत आटोपला. तुमच्या घरी येणारा गिनीपिग मात्र पाच ते आठ वर्षं मुक्काम ठोकणार आहे. तेव्हा पहिला प्रश्न रंगाचा नाही, नावाचा नाही, इन्स्टा-रीलचा तर नाहीच नाही. पहिला प्रश्न: पिंजरा केवढा?

उत्तर ऐकून दचकाल. एक किंवा दोन गिनीपिगसाठी कमीत कमी साडेसात चौरस फूट. म्हणजे अडीच फूट बाय तीन फूट. हा अमेरिकेतल्या ह्युमेन सोसायटीने वर्षानुवर्षं सांगितलेला आकडा, आणि तोही ‘किमान’ बरं का! जमलं तर दोघांना साडेदहा द्या, असं तीच संस्था सांगते. तिघं असतील तर किमानच साडेदहा आणि चौघं असतील तर तेरा.

आता पाचगणीत या. इथे गिनीपिगचं पहिलं घर बहुतेक वेळा कोणतं असतं? भाजीचं नाहीतर स्ट्रॉबेरीचं प्लास्टिक क्रेट! सीझन संपला की रिकामी क्रेटं घरोघरी पडून असतात. एकात गवत टाकलं, वर जाळी ठेवली, झालं. टेप घेऊन मोजा मात्र: नेहमीचं क्रेट साधारण ५४ बाय ३६ सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम दोन चौरस फूट. गिनीपिग स्वतःच वीस-पंचवीस सेंटीमीटर लांब. दोन पावलं टाकली की भिंत, वळला की परत भिंत! किमान जागा द्यायची तर अशी चार क्रेटं शेजारी शेजारी मांडून मधल्या भिंती काढाव्या लागतील.

शेजारी शेजारी हं, एकावर एक नव्हे. सगळी मेख इथेच आहे.

गिनीपिगला उंचीचं काडीचंही कौतुक नाही. तो खार नाही, उंदीर नाही. चढणं त्याला जमत नाही, आणि पडला तर हाड मोडतं. त्याला हवी असते सपाट, ऐसपैस, मोकळी जमीन. थोडक्यात, त्याला सिडनी पॉइंट नको, पारसी पॉइंट नको, त्याला हवं टेबल लँड! पाचगणीच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं ते पठार आहे ना, त्याचीच घरगुती, छोटी आवृत्ती.

म्हणून ‘डबल डेकर’ पिंजऱ्याच्या मोहात पडू नका. दुकानात तो भारी दिसतो: गुलाबी जिना, वरती माडी, शेजारी फिरतं चाक. पण माडीचं क्षेत्रफळ साडेसातात धरायचं नसतं. तळमजला पुरेसा असेल तरच माडी म्हणजे बोनस. जिना द्यायचाच तर रुंद, कमी चढाचा आणि दोन्ही बाजूंना कठडा असलेला द्या. आणि ते चाक? हॅमस्टरचं खेळणं आहे ते. गिनीपिगच्या पाठीचा कणा चाकात वाकण्यासाठी बनलेलाच नाही. चाक लगेच काढून टाका.

प्रयोगशाळेत त्याला किती जागा मिळते, माहीत आहे का? अमेरिकेतल्या प्रयोगशाळांसाठीच्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेत साडेतीनशे ग्रॅमच्या वरच्या प्रौढ गिनीपिगला सुमारे ६५२ चौरस सेंटीमीटर जागा सांगितली आहे. ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटीमीटरचा. एका झेरॉक्सच्या पानापेक्षा किंचित जास्त! हा आकडा प्रयोगासाठीचा आहे, घरासाठीचा नाही. पण बाजारातले कितीतरी ‘स्टार्टर’ पिंजरे साडेसात चौरस फुटांच्या जवळपासही जात नाहीत, आणि ते बघून खरंच पोटात तुटतं.

आता थेट स्वित्झर्लंड! तिथे २००८ पासून गिनीपिग एकटा पाळणं बेकायदा आहे. हो, बे-का-य-दा! कळपात राहणारा प्राणी आहे, त्याला सोबत द्यायलाच हवी, असं तिथला कायदा सांगतो. जागेचंही माप ठरलेलं: दोघांना किमान अर्धा चौरस मीटर आणि पुढच्या प्रत्येकाला ०.२ चौरस मीटर जास्त. मग जोडीतला एक गेला तर? मागे राहिलेल्या म्हाताऱ्यासाठी जोडीदार भाड्याने देणारी सेवाच एका बाईंनी तिथे सुरू केली. रेंट-अ-गिनीपिग! आहे की नाही धमाल?

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर कायदा त्याहून जुना आहे! प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६०. नृत्यांगना आणि राज्यसभा सदस्य रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी हा विषय संसदेत धसाला लावला. त्यातलं कलम ११ सांगतं की लांबी, रुंदी आणि उंचीने पुरेसा नसलेल्या, हालचालीला वाव न देणाऱ्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं ही क्रूरताच. ‘लहानच तर आहे, राहील की कुठेही’ हे वाक्य कायद्याला मान्य नाही.

पहिल्या गुन्ह्याचा दंड ऐकलात तर हबकाल: दहा ते पन्नास रुपये. १९६० साली ठरलेला. या रकमेत आज पाचगणीच्या बाजारात धड भाजीसुद्धा येत नाही. हा आकडा बदलायलाच हवा, आणि तो बदलेपर्यंत जबाबदारी पिंजरा विकत घेणाऱ्याच्या खांद्यावर आहे.

ट्रॅक चेंज! पाचगणी आणि गिनीपिग यांच्यात एक जुना, अदृश्य धागा आहे, माहीत आहे का? तो धागा म्हणजे टीबी.

औषधं नव्हती तेव्हा क्षयरोग्याला डॉक्टर सांगायचे: हवापालट करा. पाचगणीची कोरडी, थंड हवा त्यासाठी नावाजलेली. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी इथे उभं केलेलं बेल-एअर सॅनेटोरियम त्यातूनच आलं. आणि या रोगाचा जंतू जगाला दाखवला रॉबर्ट कॉखने, २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये. जंतूच रोगाला कारण आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याने तो टोचला कुणाला? गिनीपिगला! पुढे कित्येक दशकं संशयित रुग्णाची थुंकी गिनीपिगला टोचायची आणि काही आठवडे वाट बघायची, ही टीबीची भरवशाची टेस्ट होती. आजचा रिपोर्ट मोबाइलवर येतो. तेव्हाचा रिपोर्ट चार पायांवर यायचा.

त्याहून अफलातून गोष्ट बाल्टिमोरची. १९५० च्या दशकात रिचर्ड रायली आणि सहकाऱ्यांनी हॉस्पिटलच्या टीबी वॉर्डातली हवा पाइपांतून वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. रुग्णांशी स्पर्श नाही, भेट नाही, फक्त हवा. तरीही गिनीपिगांना टीबी झाला! वॉर्डातली हीच हवा अतिनील किरणांखालून नेल्यावर ज्यांना मिळाली ते मात्र वाचले. टीबी हवेतून पसरतो याचा हा पक्का पुरावा. कोविडच्या काळात मास्क आणि खिडक्यांची चर्चा रंगली तेव्हा शास्त्रज्ञांनी याच पिंजऱ्यांची आठवण पुन्हा काढली होती.

मुंबईही या प्राण्याचं देणं लागते. परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या वाल्देमार हाफकिन यांनी कॉलऱ्याची लस बनवताना जंतू एका गिनीपिगमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे तब्बल ३९ वेळा फिरवले. आणि प्लेगची लस? ती १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत त्यांनी सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली. त्या दिवशी गिनीपिग होते खुद्द हाफकिनसाहेब!

ज्या प्राण्याने माणसासाठी एवढं सोसलं त्याला आपल्या हॉलमधले साडेसात चौरस फूट म्हणजे काहीच नाही.

बरं, हा पाहुणा मूळचा कुठला? दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी त्याला माणसाळवलं. पेरूतल्या कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचं अठराव्या शतकातलं एक चित्र आहे. मधल्या ताटात बघा: तिथे पाय वर करून पडलाय तो गिनीपिगच, असं मानतात!

म्हणजे डोंगराळ हवा त्याच्या रक्तात. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवरची पाचगणी त्याला मानवते ती म्हणूनच. १८ ते २४ अंश ही त्याची आवडती रेंज, आणि २७ च्या वर गेलं की उष्माघाताचा धोका. सांगली-मिरजेच्या मित्रांनो, एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो. तिथे पिंजरा घरातल्या सगळ्यात गार खोलीत हवा, फरशीवर. गच्चीवर नको, पत्र्याखाली तर अजिबात नको.

पाचगणीकरांची परीक्षा मात्र उन्हाळ्यात नाही, पावसाळ्यात. खरं तर पाचगणी भाग्यवान. वीसेक किलोमीटरवरच्या महाबळेश्वरात पाऊस अक्षरशः ओततो, आणि पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण जुलैतलं धुकं? ते दारातून येतं, खिडकीतून येतं, कपाटातल्या कपड्यांतही शिरतं. मग गवताची काय कथा! ओलसर गवताला बुरशी, बुरशीतून श्वासाचा त्रास. गवत झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा. पिंजरा बाहेरच्या भिंतीपासून वीतभर आत घ्या, खिडकीच्या थेट झोतात ठेवू नका. आणि अंगणात मुळीच नको, कारण मुंगूस, मांजर, साप आणि वानरं या सगळ्यांचाच पाचगणीवर तेवढाच हक्क आहे.

गवतावरून आठवलं. गिनीपिगला दात किती? वीस. आणि वीसच्या वीस आयुष्यभर वाढतच राहतात! ते झिजवायला लागतं सुकं गवत, दिवसरात्र, हवं तेवढं. म्हणजे पिंजऱ्याच्या मापात गवताचा ढीगही धरा. साताऱ्याकडचं मारवेल नाहीतर पवन्या मिळालं तर झकास. कुसळी गवत मात्र नको, त्याची कुसळं तोंडात आणि डोळ्यांत घुसतात. लसूणघासही प्रौढ गिनीपिगला रोज नको. त्यात कॅल्शियम भरपूर, आणि त्यामुळे मुतखड्याची भीती.

आता हत्यारं काढा, पिंजरा बनवू!

बाजारात शोभेची कपाटं जोडायला तारेच्या चौकोनी जाळ्या मिळतात, साधारण चौदा इंचांच्या. दोन जाळ्या रुंदी, चार जाळ्या लांबी: झाला २८ बाय ५६ इंचांचा पिंजरा, जवळपास अकरा चौरस फूट. जाळ्या झिप टायने बांधा आणि टायची टोकं बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर आत कुरतडली जातील. जाळीतली फट एक इंचाहून मोठी नको, डोकं अडकतं.

तळाला काय? सनपॅक! निवडणूक संपली की गावभर जे बोर्ड उरतात ना, तीच नळ्यानळ्यांची प्लास्टिक शीट. आठ बाय चार फुटांची एक कोरी शीट घ्या, त्यातून ६८ बाय ४० इंचांचा तुकडा कापा. चारही बाजूंनी सहा इंच आत रेघ मारा. रेघेवर कटर फिरवा, पण फक्त वरचा थर कापायचा, खालचा शाबूत ठेवायचा. रेघेवर शीट मुडपली की सहा इंचांची भिंत उभी राहते. चारही कोपऱ्यांत एकेक चीर द्या, मोकळी पट्टी बाहेरून दुमडा आणि चिकटपट्टी बाहेरूनच लावा. हा ट्रे जाळीच्या चौकटीत बसवला की ना पाणी गळणार, ना गवत उडणार. वर झाकणही हवं. गिनीपिग उडी मारून पळेल म्हणून नव्हे, मांजर उडी मारून आत येईल म्हणून!

तळाला तारेची जाळी मात्र चुकूनही नको. कोंबडीच्या खुराड्यासारखी खाली जाळी ठेवली की लेंड्या आपोआप पडतात, साफसफाई वाचते, असा हिशोब असतो. (लेंड्या दिवसाला शंभरेक, हेही सांगून ठेवते!) पण गिनीपिगचे तळपाय उघडे, नाजूक असतात. तारेवर उभं राहून त्यांना जखमा होतात, जखमा चिघळतात, आणि तो आजार बरा होता होत नाही. सुती किंवा फ्लीसचं कापड अंथरा, खाली शोषून घेणारा थर द्या. देवदाराचा किंवा पाइनचा भुसाही टाळा, त्याच्या उग्र वासाने फुप्फुसांना त्रास होतो.

बोटं मोजली आहेत कधी? पुढच्या पायांना चार-चार, मागच्यांना तीन-तीन. एकूण चौदा! आहे की नाही विचित्र गणित?

पिंजऱ्यात लपायला घर हवंच, आणि त्याला दारं दोन हवीत. एकाच दाराच्या घरात एक बसला की दुसरा कोंडीत सापडतो आणि जुंपते. दोन जण, दोन घरं, चार दारं. नर-नर जोडी असेल तर जागा आणखी वाढवा. त्यांची बरीचशी भांडणं जागेवरूनच होतात, आपल्या भावकीसारखी!

आता म्युझिकल ब्रेक. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत एक बुजरा पारशी मुलगा पियानो वाजवायचा, मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड चालवायचा. फारुख बलसारा. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखतं! पाचगणीला उंच पट्टीची सवय अशी जुनीच आहे. त्यामुळे फ्रिज उघडल्याचा आवाज आला रे आला की तुमचा गिनीपिग जी ‘व्हीक-व्हीक’ तान मारेल, ती शेजारी चालवून घेतील. त्याला स्वतःला मात्र आपल्यापेक्षा दुपटीहून उंच आवाज ऐकू येतात, जवळपास ५० किलोहर्ट्झपर्यंत. मिक्सर, टीव्ही, फटाके या सगळ्यांपासून पिंजरा लांब हवा.

फ्रिजमधून काढायचं काय? माणसाप्रमाणेच गिनीपिगचं शरीरही क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. १९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांना हे योगायोगानेच कळलं, आणि खलाशांच्या स्कर्व्ही रोगाचं कोडं सुटायला लागलं. म्हणून रोज ढोबळी मिरचीचा तुकडा द्या, कधीमधी पेरू. पेरूच्या पाहुण्याला पेरू, मेनू सेट! आणि पाचगणीची लाडकी स्ट्रॉबेरी? चालेल, पण आठवड्यातून एखाद-दुसरी फोड. साखर जास्त झाली तर पोट बिघडतं.

ससा आणि गिनीपिग एकाच पिंजऱ्यात? रिसॉर्टच्या ‘पेट कॉर्नर’मध्ये फोटोसाठी गोड दिसतं, पण करू नका. सशाला काहीही न होता त्याच्याकडे बोर्डेटेला नावाचे जंतू असू शकतात आणि तेच गिनीपिगला न्यूमोनिया देतात. शिवाय सशाची एक लाथ त्याची बरगडी मोडायला पुरेशी आहे.

चला, रेकॉर्ड्स! २००९ मध्ये फ्लॅश नावाच्या गिनीपिगने दहा मीटर अंतर ८.८१ सेकंदांत कापलं. २०१२ मध्ये स्कॉटलंडच्या ट्रफल्सने ४८ सेंटीमीटर लांब उडी मारली. आणि इंग्लंडचा स्नोबॉल? तो जवळपास पंधरा वर्षं जगला आणि १९७९ मध्ये गेला. नर्सरीत असताना आणलेला गिनीपिग दहावीच्या रिझल्टलाही घरात! त्याचा चुलत भाऊ कॅपीबारा पन्नास किलोंच्याही वर भरू शकतो. त्याचा पिंजरा विचारू नका.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं: दोन आणाल, तर ते दोनच राहतील ना?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांच्या मुलांनी गिनीपिग पाळले होते. एकाचं नाव ‘फादर ओ’ग्रेडी’. एके दिवशी मुलं पाहुण्यांसमोर धावत आली आणि बातमी फोडली: फादर ओ’ग्रेडी बाळंत झाले! दुकानात नर-मादीची अशी गल्लत आजही सर्रास होते. नर तीन आठवड्यांत वयात येतो, मादी चार आठवड्यांत. दिवस भरतात दोन-सव्वादोन महिन्यांत, आणि व्यायल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते! एलिस पार्कर बटलरने १९०५ साली यावरच एक तुफान कथा लिहिली: भाड्याच्या वादात दोन गिनीपिग पार्सल ऑफिसात अडकतात आणि वाद मिटेपर्यंत ऑफिसभर होतात.

खऱ्या आयुष्यात ही गंमत मादीच्या जिवावर बेतते. सात-आठ महिन्यांनंतर पहिलटकरीण झाली तर तिचं ओटीपोटाचं हाड नीट उघडत नाही आणि बाळंतपण अडतं. म्हणून दोन माद्या नाहीतर दोन नर, आणि घरी आणल्या आणल्या पहिली चक्कर पशुवैद्याकडे. तिथे नर की मादी ते पक्कं करून घ्या आणि मगच जाळ्या मोजा: दोघांसाठी दोन बाय चार, तिघं निघाले तर दोन बाय पाच.